सिम्युलेटरचं शेपूट तुटत नाही: अमेरिकन एअरलाइन्स ५८७ चं प्रकरण

आधी सिम्युलेटरमधला, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधला, एक प्रसंग. टेकऑफ नुकताच झालाय. विमान दोन ते अडीच हजार फुटांच्या मध्ये कुठेतरी चढतंय, वेग २४० नॉटच्या आसपास. पुढे एक जड जेट उडालंय, असं प्रशिक्षकाने आधीच सांगून ठेवलंय. अचानक विमान एका बाजूला दहाएक अंश कलतं आणि लगेच उलट्या बाजूला जोरात लोळू लागतं. वैमानिक कंट्रोल व्हील विरुद्ध दिशेला फिरवतो. विमान दाद देत नाही. पायाखालचं पेडल दाबतो. तरी नाही. समोरचं क्षितिज तिरकं होत जातं, आणि पन्नासेक अंश कलून झाल्यावर कुठे विमान ऐकायला लागतं. तोवर वैमानिकाच्या तळहाताला घाम सुटलेला असतो. हाताला नि पायाला जे मिळेल ते पूर्ण वापरून तो विमान सरळ करतो. सराव संपतो, पुढच्या जोडीचा नंबर लागतो.

आता प्रत्यक्षातला प्रसंग. १२ नोव्हेंबर २००१, न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ, सकाळचे सव्वानऊ. अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ५८७, एअरबस ए३००-६०० जातीचं, सांतो दोमिंगोला निघालंय. त्याच्या थोडं आधी त्याच धावपट्टीवरून जपान एअरलाइन्सचं ७४७ उडालंय. ए३०० अडीच हजार फुटांच्या जवळपास आहे, वेग २४० नॉटच्या आसपास, विमान डाव्या वळणात.

हे दोन प्रसंग शेजारीशेजारी ठेवले की पोटात गोळा येतो. उंची तीच, वेग तोच, पुढे जड जेट तेच. फरक इतकाच, की दुसऱ्या प्रसंगात विमान खरं होतं.

त्यातले २६० जण आणि खाली बेल हार्बर या वस्तीतले ५ जण मेले. चाकं धावपट्टीवरून सुटल्यापासून दोन मिनिटांच्या आत सगळं आटोपलं होतं. ११ सप्टेंबरला जेमतेम दोन महिने झालेले, त्यामुळे पहिला संशय साहजिकच घातपाताचा होता. तो फार टिकला नाही. विमानाचं उभं शेपूट, म्हणजे मागे माशाच्या परासारखा उभा असतो तो भाग, मुख्य अवशेषांपासून बरंच दूर जमैका बेच्या पाण्यात सापडलं. जवळजवळ अखंड. जळालेलं नाही, चुरडलेलं नाही. म्हणजे विमान पडल्यामुळे शेपूट तुटलं नव्हतं, शेपूट तुटल्यामुळे विमान पडलं होतं.

सात सेकंद

विमान सहवैमानिक उडवत होता. वय ३४, एकूण अनुभव सुमारे ४,४०० तासांचा, त्यातले १,८०० हून जास्त याच जातीच्या विमानावर. नवखा म्हणता येणार नाही असा माणूस.

७४७ च्या मागच्या भोवऱ्याचा पहिला धक्का बसला तेव्हा कॉकपिटमध्ये कोणी घाबरलं नाही. हा वेक टर्ब्युलन्स दिसतोय, अशा अर्थाचं काहीतरी कॅप्टन सहज बोलला, सहवैमानिकाने हो म्हटलं. पंधराएक सेकंदांनी दुसरा भोवरा लागला. सहवैमानिकाने इंजिनांची पूर्ण ताकद मागितली. कॅप्टनने विचारलं, ठीक आहेस ना? तो म्हणाला, ठीक आहे. कॅप्टन म्हणाला, धरून ठेव.

त्याच सेकंदांत पायाखाली काय चाललं होतं ते फ्लाइट डेटा रेकॉर्डरमध्ये उमटलं. रडरचं, म्हणजे शेपटाच्या मागच्या हलत्या फळीचं, पेडल उजवीकडे शेवटपर्यंत, मग डावीकडे शेवटपर्यंत, परत उजवीकडे, परत डावीकडे, परत उजवीकडे. सात सेकंदही झाले नाहीत तेवढ्यात पाच पूर्ण फटके. पाचव्यानंतर मोठा आवाज आणि शेपूट गेलं.

तपास करणाऱ्या एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक-अपघात तपास मंडळाने, ऑक्टोबर २००४ मध्ये निष्कर्ष काढला, तो थोडक्यात असा: सहवैमानिकाने रडरच्या पेडलवर दिलेले फटके अनावश्यक आणि अवाजवी होते, त्यांच्यामुळे उभ्या शेपटावर डिझाइनच्या कमाल मर्यादेपलीकडचा भार आला आणि ते निखळलं. हातभार लावणाऱ्या गोष्टी दोन. एक, ए३००-६०० च्या रडर यंत्रणेची ठेवण. दुसरी, अमेरिकन एअरलाइन्सच्या 'अॅडव्हान्स्ड एअरक्राफ्ट मॅन्युव्हरिंग प्रोग्राम'मधले काही भाग. सुरुवातीला सांगितलेला सराव या प्रोग्राममधलाच.

शेपूट कार्बन फायबरच्या कॉम्पोझिटचं होतं, म्हणून बराच काळ संशय त्या मालावर होता. तो माल कच्चा नव्हता. सेवेत कधी येईल असा जास्तीत जास्त भार धरायचा, त्याच्या दीडपट भार सोसण्याइतकं अंग बांधायचं, हा विमानबांधणीचा नियम. हे शेपूट त्या धरलेल्या भाराच्या जवळपास दुप्पट भाराला तुटलं. म्हणजे त्याने आपलं काम कबूल केल्यापेक्षा जास्तच केलं होतं. शेपूट विमानाला जोडणाऱ्या कड्यांपैकी आधी मागच्या बाजूची उजवी कडी फाटली आणि मग बाकीच्या कड्यांचं काही चाललं नाही.

झोक्याचं गणित

रडर म्हणजे उभ्या शेपटाच्या मागची हलणारी फळी. उजवं पेडल दाबलं की विमानाचं नाक उजवीकडे वळतं. छोटं विमान शिकताना पाय सतत पेडलांवर असतात. मोठ्या जेटमध्ये मात्र वैमानिक ढगांच्या वर जवळपास कधीच रडरला हात, म्हणजे पाय, लावत नाही. आडव्या वाऱ्यात उतरताना लागतं, एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर लागतं. कलण्याचं काम पंखांवरच्या फळ्यांचं, ते हातातल्या व्हीलने होतं.

पूर्ण रडर एकदा एका बाजूला दाबला तर काय होतं? नाक त्या बाजूला वळतं, थोडं पुढे जातं, मग हवेच्या जोराने मागे येऊन एका ठिकाणी स्थिरावतं. इथपर्यंत शेपूट सोसेल अशी परीक्षा प्रमाणपत्र देताना घेतलेलीच असते. पण नाक एका टोकाला गेलेलं असताना रडर पूर्ण उलटा मारला, तर झोका परत येत असताना त्याला मागून ढकलल्यासारखं होतं. आडव्या हवेचा भार आणि रडरचा भार एकाच दिशेने साचतात. दुसऱ्यांदा केलं की आणखी. झोक्यावर पोराला उंच न्यायचं तर जोर लागत नाही, वेळ साधावी लागते. फ्लाइट ५८७ मध्ये वेळ नेमकी साधली गेली. दुर्दैवाने.

प्रमाणपत्राच्या तेव्हाच्या कसोटीत हा उलटासुलटा प्रकार नव्हताच. कोणी असं करेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

आता पेडलाकडे जवळून बघू, कारण सगळी गोष्ट तिथे आहे. ए३००-६०० कमी वेगात असताना रडर पूर्ण फिरवायला पेडल चार इंच दाबावं लागतं, जोर ६५ पौंडांचा. वेग वाढला की यंत्रणा रडरला कमी फिरू देते, ते बरोबरच आहे, कारण वेगवान हवेत थोडा रडरही पुरतो. २५० नॉटला रडर फक्त ९.३ अंश फिरतो. पण या विमानात पेडलाचा प्रवासही त्याबरोबर आखडतो. २५० नॉटला पेडल हलतं सव्वा इंच, त्याहूनही किंचित कमी. आणि जोर? पेडल जागचं हलायलाच २२ पौंड लागतात, शेवटाला टेकायला ३२. म्हणजे दहा किलो जोर लावेपर्यंत काहीच होत नाही आणि साडेचौदा किलोला पेडल तळाला. मधल्या साडेचार किलोत आणि सव्वा इंचात शून्यापासून पूर्णपर्यंतचा सगळा रडर. घाबरलेल्या माणसाच्या पोटरीला एवढी नाजूक मोजदाद जमेल अशी अपेक्षा ठेवणं कठीण आहे. अर्धा रडर मागायला गेलं तरी हाती पूर्णच येण्याची शक्यता.

घरी संगणकावर विमान उडवणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो. टेबलाखालच्या पेडलांना साधारणपणे एक स्प्रिंग असते, आणि ती ८० नॉटला जेवढी लागते तेवढीच ३०० नॉटला. पाय जे शिकतो ते त्या स्प्रिंगबद्दल शिकतो. तक्रार म्हणून सांगत नाही, मलाही त्या पेडलांवर तासन्‌तास घालवायला आवडतं.

चांगल्या हेतूचा सराव

हा सराव कोणी खुळ्यासारखा काढलेला नव्हता, हे नीट सांगायला हवं. १९९१ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जजवळ युनायटेडचं ५८५ आणि १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळ यूएसएअरचं ४२७, अशी बोइंग ७३७ जातीची दोन विमानं अचानक उलटून कोसळली. पहिल्यात २५ माणसं गेली, दुसऱ्यात १३२. वैमानिकांना उलटंपालटं झालेलं विमान सावरता येत नाही, ते शिकवलंच जात नाही, अशी ओरड झाली आणि ती रास्त होती. त्यानंतर ज्या कंपन्यांनी पुढाकार घेतला त्यांच्यात अमेरिकन एअरलाइन्स होती. त्या दोन ७३७ मध्ये खरा दोष रडरच्या व्हॉल्व्हमध्ये होता आणि रडर उलट्या बाजूला जाऊन अडकत होता, असं एनटीएसबीने पुढे १९९९ मध्ये ठरवलं. रडरमुळे झालेल्या अपघातांतून निघालेल्या शिकवणीत रडरवर भर यावा, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

भोवऱ्याची भीतीही खोटी नव्हती. पंखांच्या टोकांपासून दोन आडवे भोवरे निघतात, विमान जितकं जड तितके दांडगे, आणि काही मिनिटं मागे रेंगाळतात. ३० मे १९७२ रोजी टेक्सासच्या ग्रेटर साउथवेस्ट विमानतळावर डेल्टाचं एक डीसी-९ सरावाच्या उड्डाणावर होतं. पुढच्या डीसी-१० च्या भोवऱ्यात सापडून ते धावपट्टीवरच उलटलं, चौघे गेले. असले अपघात सरावातच घडत होते, म्हणून तर सिम्युलेटर हवा होता. इंजिन बंद पडलेला टेकऑफ, आग, भोवरा, हे सगळं खऱ्या विमानात शिकवताना माणसं मरत होती. सिम्युलेटरने हे थांबवलं. आज पहिल्या दर्जाच्या सिम्युलेटरवर वैमानिक नवीन जातीच्या जेटचं पूर्ण प्रशिक्षण घेऊ शकतो, आणि त्या जातीचं खरं विमान पहिल्यांदा उडवतो तेव्हा शेजारी अनुभवी कॅप्टन असतो नि मागे प्रवासी. हे ऐकून लोक दचकतात. दचकायचं कारण नाही. नेहमीच्या कामात हा हिशोब चोख बसतो.

बसत नाही तो नेहमीच्या पलीकडे गेल्यावर.

खोटं कुठे शिरलं

सरावातल्या भोवऱ्याने ए३०० सारखं दीडशे टनांचं धूड नव्वद अंशांपर्यंत लोळवलं, तरी खऱ्या आकाशात ७४७ चा भोवरा एवढ्या मोठ्या विमानाला इतका फेकत नाही. धक्का देतो, थोडं कलवतो, सोडून देतो. त्या सकाळी नेमकं तेच झालं होतं. सहवैमानिकाने पाय जमिनीवर ठेवले असते तर विमान आपोआप स्थिर झालं असतं, असं तपासात दिसलं. प्रवाशांनी फार तर खुर्चीचा हात धरला असता.

मग सरावात विमान इतकं का लोळायचं? कारण तिथे संगणक वैमानिकाचे कंट्रोल काही सेकंद निष्प्रभ करून ठेवत असे, विमान पन्नास अंशांच्या आसपास कलेपर्यंत. तोवर घेतलेल्या वेगाने ते पुढे नव्वदपर्यंतही जाई. शिक्षकाच्या बाजूने बघितलं तर हे समजतं. चांगला वैमानिक विमान दहा अंशांवरच सावरेल, मग उलटलेलं विमान सावरायचं शिकवणार कधी? म्हणून त्याला जरा अडवून ठेवायचं. पण शिकणाऱ्याच्या शरीराने यातून जे टिपलं ते वेगळं होतं: जड जेटच्या मागे पहिला झटका बसला की पुढे भयंकर काहीतरी येतं, व्हील फिरवून भागत नाही, आणि जोर लावला, आणखी लावला की शेवटी विमान ऐकतं. यातली एकही गोष्ट खऱ्या ए३०० ला लागू नव्हती. सिम्युलेटरने काही दाखवायचं राहिलं असतं तर ते चाललं असतं. इथे नसलेलंच दाखवलं गेलं, तेही अशा हुबेहूब कॉकपिटमध्ये की शंका यायला जागा नव्हती.

त्यात आणखी एक भर. सिम्युलेटरमध्ये शेपूट तुटत नाही. रडर सात सेकंदांत पाच वेळा आपटा, पंधरा वेळा आपटा, चित्र डोलेल, खुर्ची हलेल, पण कडी फाटणार नाही, कारण कडी तिथे नाहीच. संगणक हवेची नि वजनाची समीकरणं सोडवत असतो, धातू-कार्बनच्या सहनशक्तीची नाही. आणि आडव्या धक्क्याचं म्हणाल तर तोही पुरता पोचत नाही. सहा पायांवर उभी असलेली ती खोली एखाद-दीड मीटर सरकते, की तिची हद्द संपते. म्हणून ती सुरुवातीचा ठोसा तेवढा देते, मग हळूच, कळणार नाही अशा बेताने, मध्यावर परत येते. ब्रेक लावल्याचा किंवा वेग घेतल्याचा भास द्यायला ती नुसती पुढेमागे कलते. कान फसतात, डोळे फसतात, बहुतेक वेळा पुरतंही. पण खऱ्या विमानात पूर्ण रडर उलटसुलट मारल्यावर कॉकपिट जसं आडवं हिसकलं जातं, आणि त्या हिसक्याने पाय पुन्हा पेडलावर आपटतो, ते सहा पायांच्या खोलीला देता येत नाही.

सिम्युलेटरला विमानाची माहिती येते कुठून, हाही प्रश्न आहे. उत्पादक कंपनी चाचणी उड्डाणांत मोजमापं घेते, त्यांचं डेटा पॅकेज बनतं, त्यावर सिम्युलेटर बांधला जातो. चाचणी वैमानिक जिथवर गेला तिथवर आकडे खरे. जेट नव्वद अंश कलवून, वर पूर्ण रडर उलटसुलट मारून कोणी मोजमाप घेत नाही. त्या प्रदेशात संगणक आधीच्या रेषा पुढे ओढून अंदाज करतो. वाईट म्हणजे, रेषा कुठे संपली नि अंदाज कुठे सुरू झाला हे आत बसलेल्याला कळायला काही मार्ग नसतो. दिवे तेच, आवाज तोच.

कळलं होतं, कळवलंही होतं

हे शहाणपण अपघातानंतरचं आहे असं कोणी म्हणेल. तसं नाही. १९९७ च्या मे महिन्यात याच कंपनीचं याच जातीचं विमान, फ्लाइट ९०३, फ्लोरिडात वेस्ट पाम बीचजवळ वेग हरवून डगमगलं. वैमानिकांनी ते सावरताना रडर जोरात वापरला. विमान उतरलं, पण त्याच्या शेपटावरही कमाल मर्यादेच्या वर भार गेला होता, हे पुढे उघड झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरबस, बोइंग आणि एफएए (अमेरिकेचं विमानवाहतूक नियामक खातं) यांच्याकडून कंपनीला पत्र गेलं. रडरवर दिला जाणारा भर आणि माहितीच्या हद्दीपलीकडे चाललेला सिम्युलेटरचा वापर, या दोन्हींबद्दल त्यात काळजी होती. कंपनीने उत्तर दिलं. प्रोग्राम चालू राहिला.

आणि त्याच वर्षी एक छोटा प्रसंग घडला होता, जो मला या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतो. हाच सहवैमानिक तेव्हा बोइंग ७२७ वर होता. कमी उंचीवर दुसऱ्या विमानाचा भोवरा लागला, आणि त्याने पेडल झपाझप डावं-उजवं मारलं. शेजारच्या कॅप्टनला क्षणभर वाटलं, इंजिनच गेलं. नंतर त्याने याला विचारलं, हे काय केलंस? उत्तर आलं, प्रोग्राममध्ये असंच शिकवलंय. कॅप्टनला पटलं नाही, तसं शिकवलेलं नाही, घरी जाऊन पुन्हा वाच, असं तो म्हणाला. पुढे सहवैमानिकाचा पाय थोडा नरम झाला, पण भोवऱ्यात पेडल वापरायची सवय गेली नाही, असंही त्या कॅप्टनने तपासात सांगितलं.

कॅप्टन चुकीचं बोलत नव्हता. वर्गातल्या शिकवणीत पेडल झपाझप मारा असं खरोखर कुठे म्हटलेलं नव्हतं. पण वर्गात ऐकलेलं कानात राहतं आणि सिम्युलेटरमध्ये घडलेलं पायात. धक्का बसल्यावर कोण आधी बोलतं ते सांगायला नको.

इथे एअरबस आणि अमेरिकन एअरलाइन्स यांच्यात जुंपली, वर्षानुवर्षं. विमान बनवणारी कंपनी म्हणे दोष प्रशिक्षणाचा, हवाई कंपनी म्हणे दोष पेडलांचा. ज्याचं त्याने आपलं घर सांभाळलं. एनटीएसबीने दोघांनाही कारणांच्या यादीत घेतलं, ते मला योग्य वाटतं. नुसता सराव असता आणि पेडलाला चार इंचांचा प्रवास असता, तर कदाचित निभावलं असतं. नुसतं नाजूक पेडल असतं आणि मनात नव्वद अंशांचं भूत नसतं, तरी कदाचित निभावलं असतं. त्याच प्रोग्राममधून गेलेले बाकीचे शेकडो वैमानिक रोज भोवऱ्यांतून जात होते आणि पेडलं तुडवत नव्हते, हेही विसरून चालणार नाही. सिम्युलेटर एकट्याने विमान पाडत नाही. पण कोणाच्या पायात आधीच असलेली खोड तो पक्की करू शकतो.

एक गैरसमजही यात होता, आणि तो फक्त या एका वैमानिकाचा नव्हता. मॅन्युव्हरिंग स्पीड नावाची एक मर्यादा असते. तिच्या खाली असताना कंट्रोल कसेही पूर्ण फिरवले तरी विमानाला इजा होत नाही, असं वैमानिकांच्या पिढ्या समजून चालल्या होत्या. ५८७ चा वेग त्या मर्यादेच्या आत होता. ती हमी एका कंट्रोलच्या एका बाजूच्या एका हालचालीपुरती असते. पूर्ण डावं, पूर्ण उजवं, पुन्हा डावं, यासाठी नसते. एनटीएसबीने फेब्रुवारी २००२ मध्येच, अंतिम अहवालाच्या कितीतरी आधी, हा इशारा सगळ्या वैमानिकांपर्यंत पोचवा असं सांगितलं. एफएएने नियमाची भाषा २०१० मध्ये बदलून घेतली.

सिम्युलेटरचीच साक्ष

तपास करणाऱ्यांना एक गोष्ट आकड्यांतून कळेना: त्या सात सेकंदांत माणसाला वाटलं काय असेल? त्यासाठी ते कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात गेले. तिथे व्हर्टिकल मोशन सिम्युलेटर आहे, दहा मजली इमारतीएवढ्या खोलगट जागेत बसवलेला. तो वरखाली ६० फूट आणि आडवा ४० फूट सरकतो. कंपन्यांकडच्या सहा पायांच्या खोल्या त्यापुढे पाळण्यासारख्या. रेकॉर्डरमधली नोंद त्यात भरली. आत बसणाऱ्याने काही उडवायचं नव्हतं. व्हील आपोआप फिरत होतं, पेडलं त्या माणसाच्या पायांनी दाबली होती तशी आपोआप दबत होती, आणि खोली तसे हिसके देत होती.

म्हणजे सिम्युलेटरने बिघडवलेलं समजून घ्यायलाही सिम्युलेटरच लागला. फरक विचारलेल्या प्रश्नात होता. नासाच्या यंत्राला मोजलेल्या नोंदी दिल्या होत्या आणि त्या जशाच्या तशा पुन्हा घडवायला सांगितलं होतं. सरावाच्या यंत्राला एक भीती दिली होती आणि ती घडवायला सांगितलं होतं. दोघांनीही सांगितलेलं इमानेइतबारे केलं.

त्यानंतर

प्रशिक्षणातला रडरवरचा तो भर गेला, जगभरच्या पुस्तकांत रडरबद्दल सावधगिरीची वाक्यं आली. तेवढ्यात प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन या हवाई कंपनीचं फ्लाइट ३४०७ स्टॉल होऊन, म्हणजे पंखांचा उचलण्याचा जोर जाऊन, पडलं. स्टॉलचा इशारा झाल्यावर कॅप्टनने व्हील पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढलं होतं. आता लोक म्हणू लागले, वैमानिकांना पुरता स्टॉल आणि उलटलेलं विमान शिकवलंच पाहिजे. म्हणजे पुन्हा तिथेच, माहितीच्या हद्दीपलीकडे.

या खेपेला मात्र आधी सिम्युलेटर सुधारले. एफएएने २०१६ मध्ये सिम्युलेटरांचे नियम बदलले. स्टॉल दाखवायचा असेल तर त्याचं गणित नव्याने, तपासून घातलेलं हवं. आणि मागे बसलेल्या प्रशिक्षकाच्या पडद्यावर तीन गोष्टी दिसायला हव्यात: विमान खात्रीच्या माहितीच्या आत आहे की बाहेर, वैमानिकाने कंट्रोल किती नि कसे हलवले, आणि खऱ्या विमानाच्या मर्यादा ओलांडल्या गेल्या का. अमेरिकेतल्या हवाई कंपन्यांना हे प्रशिक्षण सुरू करायला मार्च २०१९ पर्यंत मुदत होती. पेडल उलटसुलट मारलं तरी नव्या विमानाने तग धरावा, असा एफएएचा डिझाइनचा नियम यायला मात्र २०२२ उजाडलं.

त्या पडद्यावर एक चौकट असते आणि एक ठिपका. वैमानिक पेडल तुडवतो तसा ठिपका कडेला सरकतो, कधी चौकटीबाहेर जातो. बाहेर गेला तरी सिम्युलेटर उडतच राहतो. सराव तिथे थांबवायचा की नाही, ते मागच्या खुर्चीतल्या माणसाने ठरवायचं.